चित्राची भाषा आणि आंजेलो द फोन्सेका

ख्रिस्ती चित्रकलेच्या भारतीयीकरणाचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा वस्त्रांपाशी सुरू होते आणि वस्त्रांपाशीच संपते. मरीयेला साडी नेसवावी काय, प्रभूच्या खांद्यावर उपरणे शोभेल काय, प्रेषितांना मांडी घालून बसवावे काय, देवदूताच्या हाती कमळ दिले तर मंडळीतील वडीलधारे काय म्हणतील, हेच प्रश्न पाळकांच्या बैठकांत आणि धर्मशिक्षकांच्या शिबिरांत पुनःपुन्हा उपस्थित होतात. एक पक्ष म्हणतो, हे परधर्माचे अनुकरण होय. दुसरा म्हणतो, हेच खरे स्वदेशीकरण होय. दोन्ही पक्षांची तळमळ आम्हांस समजते. परंतु बहुतेक वेळा दोघांनीही चित्र पाहिलेले नसते, चित्रातील कपडे तेवढे पाहिलेले असतात, असे आमचे नम्र मत आहे.

प्रस्तुत लेखात आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांच्या चित्रांच्या आधारे या वादाचा विचार चित्रकलेच्या मूलतत्त्वांच्या अंगाने करण्याचा आमचा हेतू आहे. गोव्यातील सांत इस्तेव्ह या बेटावर जन्मलेले फोन्सेका प्रथम वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले. ते शिक्षण सोडून ते सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, आणि तेथील युरोपीय धर्तीच्या अभ्यासाने समाधान न झाल्यामुळे शांतिनिकेतनास जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. गोव्यास परत जा आणि तेथील चर्चे रंगव, असे अवनींद्रनाथांनी त्यांना सुचविले, असे सांगतात. शिष्य परतला, पण पोर्तुगीज अमलाखालील त्या गोव्यात साडी नेसलेली मरीया पाहून धर्मनिष्ठांची मने दुखावली, आणि चित्रकाराला अखेर गोव्याबाहेर पडावे लागले. पुण्यात शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला. आश्रम अँग्लिकन परंपरेतला आणि चित्रकार कॅथलिक! ऐक्याच्या परिषदा भरू लागण्यापूर्वीच एका रंगपेटीने हे ऐक्य साधले होते, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी वा इंटरमिजिएट परीक्षेस बसलेल्या कोणाही मुलास रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश ही चित्राची मूलतत्त्वे तोंडपाठ असतात; समतोल, लय, प्रमाण, विरोध, सुसंवाद व प्राधान्य ही संकल्पनाची तत्त्वेही तो सांगू शकतो. दुर्दैव असे की, ही नावे पाठ करून तो मोठा होतो, पुढे कदाचित पाळकही होतो, आणि वेदीमागे लावावयाचे चित्र निवडताना यांपैकी एकाही तत्त्वाची त्याला आठवण होत नाही. तो विचारतो, हे चित्र कोणाचे आहे? ते कसे केले आहे, हे तो विचारीत नाही. वस्तुतः चित्र जे सांगते ते या दुसऱ्या मार्गाने सांगते. व्याकरण ठाऊक नसलेला वाचक शब्द ओळखतो, पण वाक्याचा अर्थ त्याच्या हातून निसटतो. चित्राच्या बाबतीत आपली स्थिती पुष्कळशी अशीच आहे.

एक परिचयाचे उदाहरण घेऊ. आपल्या असंख्य घरांच्या भिंतींवर येशूच्या अतिपवित्र हृदयाची जी दिनदर्शिकेतील तसबीर आढळते, तिचे मूळ पोम्पेओ बातोनी याने १७६७ साली रंगविलेल्या आणि रोमच्या जेजू चर्चमध्ये असलेल्या चित्रात आहे. प्रॉटेस्टंट घरांत तिची जागा पुष्कळदा शिकागोच्या वॉर्नर सॅलमन याच्या १९४० सालच्या ख्रिस्तमुखाने घेतली; त्या चित्राच्या कोट्यवधी प्रती जगभर पसरल्या. दोहोंचा विषय पवित्र, दोहोंमागील हेतूही निःशंक भक्तीचा. परंतु सॅलमनच्या चित्रातील प्रकाश पाहा. मऊ तपकिरी पार्श्वभूमी, कपाळावर व गालावर पडलेला उबदार उजेड, किंचित वळवलेली मान, आणि चेहऱ्याखेरीज चित्रात दुसरे काहीच नाही. ही सारी योजना छायाचित्रकाराच्या स्टुडिओतील आहे. तिच्यामुळे प्रभू आपल्या ओळखीचा, आपल्या कुटुंबातील कोणी वाटतो, हे तिचे बळ; आणि तो केवळ आपला, केवळ माझा वाटतो, जगाशी, दुसऱ्या मनुष्याशी, भूमीशी त्याचा संबंध उरत नाही, हे तिचे वैगुण्य. हा अर्थ विषयाने आणलेला नाही. छटा, अवकाश आणि प्राधान्य या तीन तत्त्वांनी तो आणला आहे. अशा चित्राला उद्या कोणी फेटा बांधला, तरी त्याचे वाक्य बदलणार नाही.

याच्या शेजारी कॅराव्हाज्जोने १५९९–१६०० या काळात रंगविलेले मत्तयाच्या पाचारणाचे चित्र ठेवून पाहावे. जकातीचे टेबल, पैसे मोजणारी माणसे, अंधारी खोली. आणि उजवीकडून, ख्रिस्ताच्या डोक्यावरून, तिरपा येणारा उजेडाचा पट्टा. ख्रिस्त स्वतः बराचसा छायेत आहे. उजेड त्याच्यावर स्थिरावत नाही. तो त्याच्या हाताबरोबर पुढे जातो आणि त्या माणसांच्या तोंडांवर पडतो. पाचारण म्हणजे काय, यावर पाळकाने अर्धा तास बोलावे ते येथे काळोख व उजेड यांच्या विरोधाने एका दृष्टिक्षेपात सांगितले आहे. त्यातील माणसांचे कपडे मत्तयाच्या काळचे नाहीत, चित्रकाराच्या स्वतःच्या काळचे इटालियन आहेत, ही गोष्टही आमच्या वादकांनी ध्यानी घ्यावी.

प्रमाणाचे उदाहरण मिकेलांजेलोच्या पिएता या शिल्पात आहे (१४९८–९९). बसलेल्या मातेच्या मांडीवर प्रौढ पुत्राचा मृतदेह मावेल कसा? प्रत्यक्षात तो मावत नाही. शिल्पकाराने मरीयेचा देह पुष्कळ मोठा केला आणि वस्त्रांच्या विपुल चुण्यांत तो मोठेपणा झाकला. ती उभी राहिली तर पुत्राहून कितीतरी उंच ठरेल. निसर्गाच्या दृष्टीने ही चूक, आणि तीमुळेच पाहणाऱ्याला जाणवते की हा देह पुन्हा एकदा बालकासारखा आईच्या मांडीवर आला आहे. सर्व युरोपीय कला म्हणजे निसर्गाची हुबेहूब नक्कल, असा जो समज आपल्याकडे स्वदेशीच्या अभिमानाने पसरविला जातो, तो या एका उदाहरणाने ढासळावा.

आता आपल्या परंपरेकडे वळू. वात्स्यायनाच्या कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. (मूळ ग्रंथाच्या नावाने आमच्या काही वाचकांच्या भुवया उंचावतील, परंतु सोने कोठल्या खाणीतून निघाले हे पाहून सोनार ते टाकून देत नाही.) अवनींद्रनाथांनी या षडंगांवर स्वतंत्र विवेचन केले होते, तेव्हा त्यांच्या शिष्याला ती परकी नव्हती. शाळेतील मूलतत्त्वांच्या यादीशी हे षडंग ताडून पाहिले असता एक भेद लगेच नजरेत भरतो. आकार व प्रमाण दोन्हीकडे आहेत, रंगही आहे. पण भाव आणि लावण्ययोजन ही अंगे पाश्चात्त्य यादीत स्वतंत्रपणे येत नाहीत. तेथे भाव हा इतर तत्त्वांच्या संयोगाने निघणारा परिणाम मानला जातो. येथे तो घटक मानला आहे. म्हणजे रेषा काढतानाच तो रेषेत असावयास हवा, मागाहून चेहऱ्यावर चढवावयाचा नाही.

फोन्सेकांचे मर्म आमच्या मते येथे आहे. त्यांच्या माता-बालकाच्या चित्रांत मरीयेच्या डोक्यावरून निघालेली पदराची रेषा खांद्यावरून उतरते, कोपरापाशी वळते आणि बालकाभोवती येऊन विसावते; डोळ्याने तिचा मागोवा घेऊ लागले की तो आपोआप बालकापाशी पोहोचतो. प्रकाश कोणत्याही एका बाजूने येत नाही, म्हणून देहाला गडद सावली नाही. घनता जी काही आहे ती रेषेच्या वळणाने सुचविलेली आहे. युरोपीय चित्रात प्रकाशाला दिशा असते, आणि दिशा असली की वेळही आली : ही सकाळ, ही संध्याकाळ, हा क्षण. फोन्सेकांच्या चित्रात अशी वेळ नाही. ती माता आता बसली आहे, कालही बसली होती. अजिंठ्याच्या भिंतींपासून शांतिनिकेतनापर्यंत आलेली ही रेषाप्रधान पद्धती साडीच्या काठाहून कितीतरी खोल अर्थाने भारतीय आहे. साडी काढून तिला ज्यूंचा झगा घातला असता, तरीही ते चित्र भारतीय राहिले असते, आणि बातोनीच्या ख्रिस्ताला धोतर नेसवून ते भारतीय झाले नसते.

रेषेबरोबर रंगलेपनाचा विचार करावयास हवा. १९०३ साली योकोयामा तायकान व हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. त्यांच्या हातचे काम पाहून अवनींद्रनाथांनी जलरंगाची जी धुवट पद्धती सिद्ध केली, तीच फोन्सेकांनी उचलली. कागदावर पातळ रंग द्यावा, तो वाळू द्यावा, कागद पाण्यात भिजवावा, सुटा रंग वाहून जाऊ द्यावा, आणि उरलेल्या छटेवर पुन्हा रंग द्यावा; असे अनेकदा केल्यावर रंग कागदावर बसत नाही, तो कागदात मुरतो. त्यामुळे पार्श्वभूमी ही भिंत किंवा आकाश न राहता केवळ एक शांत अवकाश होते आणि आकृती त्यातून उमलल्यासारखी दिसते. प्रार्थनेच्या जागी लावण्यास योग्य असा जो एक प्रकारचा मौनाचा गुण या चित्रांना आला आहे, तो या तंत्राच्या संथपणातून आला आहे, असे आम्हांस वाटते. जे चित्र घाईने करताच येत नाही, ते पाहणाऱ्यालाही घाई करू देत नाही.

रंगाविषयी एक गैरसमज येथेच दूर करून टाकू. मरीयेचे वस्त्र निळेच हवे, असा आग्रह पुष्कळ ठिकाणी धरला जातो. शास्त्रात याला काहीही आधार नाही. मध्ययुगीन युरोपात उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या वैडूर्यापासून, म्हणजे लाजवर्दी पाषाणापासून, बनविला जाई. तो अतिशय महाग असे, म्हणून दात्याची भक्ती दाखविण्यासाठी तो मातेच्या वस्त्राला राखून ठेवीत. थोडक्यात, जो रंग आपण पावित्र्याचे चिन्ह मानतो, त्याच्या पाठीशी बाजारभावही उभा आहे. यास्तव फोन्सेकांनी मरीयेला गेरूच्या, मातीच्या किंवा पिकल्या पानाच्या रंगांजवळ नेले, तर त्यांनी श्रद्धेचा कोणताही सिद्धांत मोडला नाही.

अवकाशाच्या बाबतीत तीन मार्गांची तुलना उद्बोधक ठरेल. मिलान येथील लिओनार्दोच्या शेवटच्या भोजनात (सुमारे १४९५–९८) भिंती आणि छत यांच्या सर्व रेषा मागे जाऊन ख्रिस्ताच्या मस्तकापाशी मिळतात. बारा शिष्य तिघातिघांच्या चार गटांत खळबळून गेले आहेत, आणि मध्यभागी तेवढी स्थिरता आहे. पाहणारा मात्र टेबलाच्या अलीकडे, प्रेक्षकाच्या जागी उभा आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी रशियात आंद्रेई रुब्ल्योव्हने काढलेल्या त्रैक्याच्या चित्रात याच्या उलट आहे. मम्रे येथे अब्राहामाकडे आलेले तिघे पाहुणे एका अदृश्य वर्तुळात बसले आहेत, पायांखालील चौरंग मागे अरुंद होण्याऐवजी पुढेच मिटत येतात, आणि मेजाची आपल्याकडची बाजू रिकामी ठेवली आहे. जणू तेथे पाहणाऱ्याने येऊन बसावे. दृष्टिक्रमाचा नियम चित्रकाराला ठाऊक नव्हता म्हणून असे झाले, असे म्हणणे अज्ञानाचे आहे. येथे रेषांचा संगम चित्राच्या आत नाही, तो आपल्यापाशी आहे. फोन्सेका या दोहोंहून तिसरी वाट धरतात. त्यांच्या आकृती अनेकदा जमिनीवर बसलेल्या असतात. सिंहासनावरील मरीयेचा उंच त्रिकोण, जो युरोपीय चित्रांत आपण शतकानुशतके पाहिला, तो येथे खाली येतो, त्याचा पाया रुंद होतो, आणि पाहणाऱ्याची नजरही खाली, ओटीवर किंवा माजघरात बसलेल्या माणसाच्या उंचीला येते. पाटावर बसून जेवणाऱ्या, चटईवर बसून प्रार्थना करणाऱ्या समाजाला ही उंची सांगावी लागत नाही. देहधारणेच्या सिद्धांताचे याहून नेमके दृश्य भाष्य आम्हांस दुसरे सुचत नाही.

आपल्या भाषेत हेच कार्य फार पूर्वी झाले आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे छापून प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तपुराणात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. त्यांचे यश त्यांनी मराठी शब्द वापरले यात नाही. शब्द तर कोणीही भाषांतरकार वापरतो. ओवी हा छंद त्यांनी स्वीकारला, म्हणजे श्वासाची लांबी स्वीकारली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंगाच्या बाबतीत तेच केले. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवलेली गीते आणि टिळकांची भजने यांत जो भेद आपल्या कानांना तत्काळ कळतो, तोच भेद डोळ्यांना कळावा अशी आमची अपेक्षा आहे. आज ज्या चित्रांना स्वदेशी म्हणून गौरविले जाते, त्यांतील पुष्कळशी इंग्रजी चालीवरील मराठी गीतांच्या जातीची आहेत : रचना बातोनीची, प्रकाश सॅलमनचा, आणि वर समई व कमळ.

येथवर आम्ही फोन्सेकांचा कैवार घेतला. आता त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर हे परीक्षण न राहता गौरवलेख होईल. धुवट जलरंगाने छटांचे अंतर कमी होते. अगदी काळे आणि अगदी पांढरे या पद्धतीत राहत नाही. सर्व काही मधल्या छटांत सौम्य होऊन जाते. जन्म, भेट, ध्यान, माता-बालक या विषयांना ही सौम्यता पोषक आहे. क्रूसाच्या विषयाला ती अपुरी पडते. गेथशेमानेतील रात्र, तिसऱ्या प्रहरीचा अंधार, खिळे आणि ओरडा यांना विरोध हे तत्त्व हवे. कॅराव्हाज्जोची काळी भिंत हवी. फोन्सेकांच्या रेषेला वेदना झाली तरी ती लावण्य सोडीत नाही. लावण्ययोजन हे अंग भावावर मात करते, आणि दुःखदेखील थोडे सुंदर होऊन बसते. पुष्कळ चित्रे एकापाठोपाठ पाहिली असता डोळ्यांच्या त्याच झुकलेल्या पापण्या, मानेचा तोच कलता डौल आणि तीच अंगुलीमुद्रा यांची पुनरावृत्ती जाणवू लागते. लयीसाठी पुनरावृत्ती आवश्यक असली, तरी एका मर्यादेपुढे ती सवय होते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. भारतीय म्हणजे कोणाचे? अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतून आलेला हा डौल राजकन्यांचा आणि बोधिसत्त्वांचा आहे; बंगालच्या सुशिक्षित घरांत त्याला नवा जन्म मिळाला. आमच्या मंडळ्यांतील बहुसंख्य कुटुंबे ज्या वाड्यावस्त्यांतून ख्रिस्ताकडे आली, तेथील स्त्रीचा हात असा निमुळता नसतो. १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी भारतीय ख्रिस्ती ईश्वरविज्ञान हे ब्राह्मणी परंपरेशीच संवाद करीत राहिले, हा प्रश्न उपस्थित केला. तो प्रश्न चित्रालाही लागू आहे. त्याचे उत्तर पुन्हा कपड्यांत शोधण्याचा मोह मात्र टाळावा. लुगड्याचा काठ बदलून किंवा डोक्यावर मोळी देऊन हे साधणार नाही. त्यासाठी रेषाच निराळी हवी : अधिक जाड, अधिक खडबडीत, खणत जाणारी, पोत निराळा हवा, गुळगुळीत कागदाऐवजी शेणामातीच्या भिंतीचा किंवा घोंगडीचा, आणि प्रमाण निराळे हवे, ज्यात राबणारा हात मुद्दाम मोठा काढलेला आहे. मिकेलांजेलोने मातेची मांडी मोठी केली, त्याच अधिकाराने. असे काम आमच्या मराठी मंडळ्यांत अजून पुरेसे झालेले नाही. फोन्सेकांना त्याबद्दल बोल लावणे अन्यायाचे ठरेल. एका मनुष्याने एका वाटेचे जितके अंतर चालावे तितके ते चालले.

कोणी म्हणेल, रेषा आणि छटा यांचा एवढा ऊहापोह पाळकाने कशासाठी करावा? निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायाकडे आम्ही त्याचे लक्ष वेधतो. निवासमंडपाच्या कामासाठी बसालेलास देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केल्याचे तेथे सांगितले आहे, आणि ही परिपूर्णता धातूचे काम, रत्ने जडविणे, लाकूड कोरणे अशा हस्तकौशल्यासाठी आहे. ज्या ग्रंथात कोरीव मूर्तीचा निषेध आहे, त्याच ग्रंथात हे आहे. तसेच, कोणतीही एक कलाशैली चर्चने आपली म्हणून ठरविलेली नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या १९६३ च्या संविधानात स्पष्ट केले आहे. तेव्हा गॉथिक कमान ही ख्रिस्ती आणि वाटोळा खांब हा परका, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही.

धर्मशिक्षकांसाठी एक व्यावहारिक सूचना. मुलांपुढे चित्र ठेवल्यावर हा कोण, ती कोण, हे विचारण्यापूर्वी तुमचा डोळा प्रथम कोठे गेला आणि तेथून कोठे वळला, असे विचारावे. सर्वांत उजळ जागा कोणती, रिकामी जागा किती आणि ती कोणाभोवती आहे, हेही विचारावे. आठनऊ वर्षांची मुले याची उत्तरे मोठ्यांपेक्षा अचूक देतात. मग गोष्ट सांगावी.

आणि छापील प्रतींपासून सावध राहावे. फोन्सेकांच्या धुवट छटा छपाईत सर्वप्रथम नाहीशा होतात. पिवळा भडक होतो, करडा मळकट होतो, आणि कागदात मुरलेला रंग कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. अशी प्रत पाहून हे चित्र फिके आहे असा निर्णय देणाऱ्या मंडळ्या पुष्कळ असतील. चित्रकाराच्या पत्नी आयव्ही द फोन्सेका यांनी २००६ साली त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेच्या स्वाधीन केला. बेळगावहून जाणाऱ्यास तो प्रवास फार लांबचा नाही. आधी चौकशी करून जावे, एका वेळी चारपाचच चित्रे पाहावीत, आणि प्रत्येकापुढे निदान दहा मिनिटे उभे राहावे.